घरच्या घरी एअर पिस्तूल: कमी छर्‍यांत जास्त सराव

नेमबाजीकडे वळलेली नवी मुलं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. अमेरिकेत लोक घरी बसून पिस्तुलाची वापरलेली काडतुसं पुन्हा भरतात, तसं आपल्याला करता येईल का? तिकडे तो जुना छंद आहे. काडतुसाचं पितळी कवच हाच त्यातला महागडा भाग असतो आणि ते पुन्हा वापरता येतं, त्यामुळे रोज शेकडो गोळ्या झाडणार्‍याचे पैसे वाचतात. आपल्याकडे मात्र शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायलाच परवाना लागतो. परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं हा इथे गुन्हा आहे, तेव्हा तो विचार पहिल्याच दिवशी सोडून द्या.

पण त्या प्रश्नामागची अडचण खरी आहे. बेताच्या पगाराच्या घरातल्या मुलीला किंवा मुलाला पिस्तूल नेमबाजी परवडावी कशी? माझं उत्तर १० मीटर एअर पिस्तूल हे आहे. ऑलिंपिकमधला प्रकार, बारूद नाही, आणि सरावाचा मोठा भाग एकही छर्रा न उडवता घरात होतो. खर्च वाचवायची खरी जागा तीच आहे. हे मला फार उशिरा कळलं. पहिल्या वर्षी मी रोज दीड-दोनशे छर्रे उडवत होतो आणि गुण जागचे हलत नव्हते. शेवटी सरांनी महिनाभर छर्‍यांचा डबा काढून घेतला आणि म्हणाले, नुसता ट्रिगर दाब. त्या महिन्यानंतर मला माझी चूक दिसायला लागली: आवाज होण्याच्या क्षणभर आधी मनगट खाली झुकत होतं. दोनशे छर्रे उडवून मी तीच चूक रोज दोनशे वेळा पाठ करत होतो.

आधी कायदा आणि कागद

४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल या मर्यादेच्या खूप खाली असतं. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने बाहेर पडतो, म्हणजे ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास. परवाना नाही म्हणून ते खेळणं ठरत नाही. तेवढ्या ऊर्जेचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो.

विकत घेताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्या, पक्कं बिल घ्या आणि त्याची एक प्रत पिस्तुलाच्या पेटीत कायम ठेवा. प्रवासात पेटी कुलूपबंद असू द्या. एसटीत किंवा रेल्वेत कोणी हौसेने ‘दाखव ना’ म्हणालं तरी उघडू नका. लांबून बघणार्‍याला एअर पिस्तूल आणि खरं पिस्तूल यातला फरक कळत नाही. त्याच कारणाने घरात सराव करताना पडदे ओढलेले असावेत, शेजार्‍यांना आधी सांगून ठेवलेलं असावं आणि पिस्तूल हातात घेऊन गॅलरीत कधीही जाऊ नये. मुलगा-मुलगी लहान असेल तर पेटीची किल्ली मोठ्या माणसाकडेच राहील.

पिस्तूल घ्यायची घाई नको

स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ ही नावं तुम्हाला रेंजवर पहिल्याच आठवड्यात ऐकू येतील. ही स्पर्धेची पिस्तुलं लाखाच्या पुढे जातात. पहिले सहा महिने यातलं काहीही घेऊ नका. जिल्ह्याच्या किंवा शहरातल्या रेंजवर क्लबची पिस्तुलं असतात, त्यावर शिका. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत आहे. कोल्हापुरात तर ही परंपराच आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली. राही सरनोबतने २०१३ मध्ये चँगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेतही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्निल कुसाळेही त्याच जिल्ह्यातला, कांबळवाडीचा.

रायफलच्या मानाने पिस्तूल स्वस्त पडतं ते कपड्यांमुळे. रायफलवाल्यांना जाड कॅनव्हासचं जॅकेट, पँट, खास बूट लागतात. पिस्तूलवाल्याला सपाट तळव्याचे, घोटा न झाकणारे साधे बूट पुरतात. न वापरायचा डोळा मिटू नका, चेहर्‍याचे स्नायू ताणले जातात. नेहमीच्या चष्म्याच्या त्या काचेवर पांढरी अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावली की काम भागतं.

सहा महिन्यांनंतरही आवड टिकली तर जुनं पिस्तूल बघा, पण एकटे जाऊ नका, जाणत्या माणसाला बरोबर न्या. दोन गोष्टी नीट तपासायच्या. एक, पिस्तुलाला लागणारी दाबलेली हवा ज्यात भरतात त्या सिलिंडरवर कोरलेली तारीख. सिलिंडरची मुदत बहुधा १० वर्षांची असते आणि मुदत संपलेला सिलिंडर म्हणजे साधारण २०० बार दाबाची धोकादायक नळी. पिस्तूल स्वस्तात मिळालं आणि दोन्ही सिलिंडर बदलावे लागले तर तो सौदा स्वस्त राहत नाही. दुसरं, लाकडी ग्रिप तुमच्या हाताच्या मापाची आहे का. थोडी मोठी असेल तर कमी-जास्त करता येते, पण डावखुर्‍याची ग्रिप उजव्या हाताला कधीच बसणार नाही.

सिलिंडर हातपंपाने भरणार असाल तर सावकाश भरा, मध्ये थांबा, पंप थंड होऊ द्या. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत पंपातून ओलावा आत जातो, म्हणून त्या दिवसांत रेंजवरच्या कोरड्या हवेच्या टाकीवरून भरलेलं बरं. आणि ऑक्सिजनच्या बाटलीवरून कधीही, कोणीही सांगितलं तरी, भरू नका. आतलं ग्रीस आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

घरातला सराव: पहिली पायरी, रिकामी भिंत

स्वतःचं पिस्तूल आलं की घरातला सराव सुरू करा. बहुतेक स्पर्धेच्या पिस्तुलांना ड्राय फायरची सोय असते. छर्रा नाही, हवा सुटत नाही, पण ट्रिगर खर्‍यासारखाच चालतो. सिलिंडरऐवजी स्प्रिंगवर चालणारं पिस्तूल असेल तर मात्र छर्र्याविना ट्रिगर दाबू नका, पिस्टन आपटून खराब होतो. त्यावर फक्त पिस्तूल धरून ठेवण्याचा सराव करा.

दर वेळी क्रम एकच ठेवा. पिस्तूल पेटीतून काढलं की नळी सुरक्षित दिशेला. आत छर्रा नाही हे डोळ्यांनी बघा, मग पुन्हा एकदा बघा. छर्‍यांचा डबा दुसर्‍या खोलीत. ज्या भिंतीकडे नेम धरणार ती पक्की विटांची हवी, तिच्यात दार-खिडकी नको आणि पलीकडे कोणी राहत असेल तर दुसरी भिंत शोधा. ‘रिकामंच तर आहे’ हे वाक्य घरात उच्चारायचंच नाही. मध्ये थांबलात तर नळीत सुरक्षा दोरी घालून ठेवा, म्हणजे नळी रिकामी आहे हे दिसतं. ती नारिंगी दोरी स्पर्धेतही सक्तीची आहे, सवय घरातच लागू दे.

आता उभं राहणं. पाय खांद्याइतके फाकलेले, शरीर निशाणाला जवळजवळ आडवं, वजन दोन्ही पायांवर सारखं. मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला, लोंबकळता नाही. पिस्तूल एकाच हाताने धरायचं हा या प्रकाराचा नियमच आहे. हात उचला, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट (नळीवरची नेम धरायची खूण) भिंतीवर ठरवलेल्या जागेच्या डावीकडे गेली असेल तर हात उजवीकडे ओढू नका, मागचा पाय थोडा सरकवा आणि पुन्हा डोळे मिटून बघा. शरीर आपोआप जिथे रोखलं जातं तिथेच ती जागा आली पाहिजे. हे जुळवायला पहिल्या आठवड्यात दहा-दहा मिनिटं जातील. ती जाऊ द्या.

पहिले पंधरा दिवस भिंतीवर निशाण लावू नका. कोर्‍या भिंतीकडे पिस्तूल धरा आणि फक्त साइट बघा: मागच्या खाचेत पुढची साइट मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, माथे एका रेषेत. नजर पुढच्या साइटवर, ती काळी कुळकुळीत दिसली पाहिजे, भिंत अंधुक दिसली तरी चालेल. मग ट्रिगर. पहिला हलका टप्पा संपेपर्यंत दाबा, बोट तिथे टेकवा, आणि तिथून सरळ मागे, दाब वाढवत वाढवत. नियमाप्रमाणे ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम असतं, म्हणजे अर्धा किलो साखरेच्या पुडीइतकं. झटका दिला की साइट हलणारच. खटका पडल्यावर लगेच हात खाली घेऊ नका, दोन सेकंद तसेच राहा आणि बघा, साइट हलली का? कोर्‍या भिंतीवर लपायला जागा नसते. निशाण असलं की आपण निशाणाकडे बघतो आणि ट्रिगरची चूक दिसतच नाही.

हात स्थिर झाल्यापासून सहा ते आठ सेकंदांत खटका पडायला हवा. दहाच्या पुढे गेलात तर हात खाली घ्या. नव्या माणसाला हे सर्वांत जड जातं. आता एवढा धरलाय तर सोडूनच देऊ, असं वाटतं आणि तोच शॉट दहाऐवजी सात गुणांच्या वर्तुळात जातो. खाली घेतलेल्या शॉटला पैसे पडत नाहीत, हे घरीच अंगवळणी पडू द्या.

दुसरी पायरी: लहान केलेलं निशाण

पंधरा दिवसांनी निशाण लावा. मूळ १० मीटरच्या कार्डावर काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा असतो. घरात १० मीटर जागा कोणाकडे असते? अंतराच्या प्रमाणात गोल लहान करायचा. ३ मीटरवरून साधारण १८ मिलिमीटर, ५ मीटरवरून ३० मिलिमीटर. काळ्या कागदाचा गोल कापून पांढर्‍या कार्डावर चिकटवा, झालं.

उंचीची मात्र बहुतेकांची चूक होते. स्पर्धेत निशाणाचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर असतो. लोक घरात ३ मीटरवरही १४० वरच लावतात आणि महिनाभर हात जरुरीपेक्षा खाली ठेवायला शिकतात. हिशोब सोपा आहे. समजा, तुमचे डोळे १५५ सेंटिमीटरवर आहेत. १० मीटरमध्ये नजर १५ सेंटिमीटर खाली उतरते, तर ३ मीटरमध्ये साडेचार. म्हणजे घरातलं निशाण दीडशे सेंटिमीटरवर हवं. मोजपट्टीने खूण करून ठेवा.

आणि नेम काळ्याच्या मध्यावर धरू नका. काळ्याच्या खाली पांढर्‍यात, थोडी फट सोडून धरा. काळ्यावर काळी साइट हरवते, पांढर्‍यावर ती स्वच्छ दिसते. साइट तशीच जुळवलेली असते.

ताकदीसाठी डंबेल नको. पिस्तूल साधारण एक किलोचं असतं, पाण्याची लिटरची बाटलीही तेवढीच. बाटली सरळ हाताने खांद्याच्या उंचीवर ३० सेकंद धरा, एक मिनिट विसावा, असं दहा वेळा. खांदा दुखला तर थांबा. दुखर्‍या खांद्याने केलेला सराव महिनाभर मागे नेतो.

छर्रे: कुठे वाचवायचं, कुठे नाही

छर्रे ५०० च्या डब्यात मिळतात. किंमत भागिले ५०० केलं की एका शॉटचा भाव कळतो, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रोज साठ छर्रे, आठवड्यातून पाच दिवस, असं वर्षभर केलं तर १५,६०० छर्रे होतात, म्हणजे ३१ डबे. त्याऐवजी चार दिवस घरी वीस मिनिटं ड्राय फायर आणि दोन दिवस रेंजवर चाळीस-चाळीस छर्रे धरले, तर वर्षाला ४,१६० होतात, साडेआठ डबे पुरतात. आणि अनुभवाने सांगतो, दुसर्‍या पद्धतीने गुण लवकर चढतात.

निशाणासाठी सपाट तोंडाचेच छर्रे घ्या. ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण मोजता येतात. टोकदार छर्रे कागद फाडतात. डोक्याचा व्यास ४.४८, ४.४९, ४.५० असा डब्यावर छापलेला असतो. या बारकाव्यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण साठ शॉटमध्ये तुमचे गुण ६०० पैकी ५४० च्या वर जाईपर्यंत त्या फरकाला अर्थ नाही. सरावाला साधे, स्पर्धेला थोडे चांगले, एवढं पुरे. एकाच जातीचे वापरा म्हणजे झालं. मी एकदा सवलत बघून तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे आणले आणि दर डब्याला साइट फिरवण्यात दोन महिने घालवले.

डबा हलवू नका, टाकू नका. छर्र्याची मागची कड पातळ असते, आपटली की वाकते आणि वाकलेला छर्रा कुठेही जातो. भरण्याआधी प्रत्येक छर्र्याच्या कडेकडे एक नजर टाका, चेपलेले वेगळे काढा. वजन-काटा घेऊन बसायची गरज नाही. उडालेला छर्रा सरळ करून पुन्हा वापरायचा विचारही नको, नळी खराब होते. जुनं शिसं घरी वितळवून नवे ओतायचे, असंही कोणी सुचवतं. शिशाची वाफ आणि धूळ लहान मुलांना फार घातक असते, हे काम घरात करायचंच नाही.

शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. पाण्याची बाटली आणि डबा एका पिशवीत ठेवू नका.

कागद वाचवायची मात्र एक मस्त युक्ती आहे: जुन्या लग्नपत्रिका. जाड, मागून कोर्‍या, आणि प्रत्येक घरात ढीगभर. कोर्‍या बाजूवर पाच शॉट मारा, निशाण न काढता. पाच भोकं किती जवळ आली एवढंच बघायचं. छापील कार्डं आठवड्यातून एकदा, गुण मोजायला.

घरी छर्रे उडवायचे असतील तर

फ्लॅटमध्ये नाही. चाळीच्या गॅलरीत, सोसायटीच्या जिन्यात, गच्चीवर तर नाहीच. गावाकडे लांब पडवी किंवा रिकामी खोली असेल, शेवटची भिंत पक्की असेल आणि मध्ये कोणतंही दार उघडत नसेल, तरच विचार करा. निशाणामागे लाकडी पेटी हवी. तिच्यात दोरीने घट्ट आवळलेला जुन्या वर्तमानपत्रांचा वीतभर जाड गठ्ठा आणि त्यामागे तीन-चार मिलिमीटरचा लोखंडी पत्रा. नुसता पत्रा किंवा दगड ठेवला तर छर्रा चेपून मागे उसळतो. चष्मा सर्वांना, बघणार्‍यालाही. दार आतून बंद, आणि नेमबाजाच्या पुढे कोणी जाणार असेल तर आधी पिस्तूल रिकामं करून टेबलावर, दोरी घातलेली. पेटीतलं शिसं महिन्याला झाकणाच्या बरणीत गोळा करा. वर्षाला दोनेक किलो भरतं, ते भंगारवाल्याकडे द्या.

वही

शंभर पानी वही पुरते. खटका पडला की कार्डाकडे बघण्याआधी स्वतःला सांगा, शॉट कुठे गेला असेल: ‘नऊ, चार वाजता’, म्हणजे नऊ गुणांच्या वर्तुळात, घड्याळातल्या चारच्या दिशेला. मग बघा. सांगितलेलं आणि पडलेलं जुळत असेल तर तुम्हाला साइट दिसते आहे. जुळत नसेल तर तुमची नजर निशाणाकडे पळते आहे, पुन्हा कोर्‍या भिंतीकडे जा. उजव्या हाताच्या माणसाचे शॉट सतत खाली-डावीकडे जात असतील तर बहुधा ट्रिगरला झटका बसतोय. वहीत गुणांपेक्षा हेच जास्त लिहा.

पहिली स्पर्धा

जिल्हा संघटनेचं सदस्यत्व घ्या, तिथून राज्य स्पर्धा, मग पुढे अखिल भारतीय जी. व्ही. मावळंकर स्पर्धा. ज्यांच्या नावाने ती भरते ते गणेश वासुदेव मावळंकर लोकसभेचे पहिले सभापती, मूळ घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. पात्रतेचे गुण दर वर्षी संघटनेकडून विचारून घ्या.

सामना साठ शॉटचा. आधी १५ मिनिटं तयारी आणि चाचणी शॉट, मग इलेक्ट्रॉनिक निशाणावर ७५ मिनिटं. म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट, भरपूर वेळ आहे. पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या आत आणि ट्रिगर ५०० ग्रॅमच्या वर आहे ना, हे तपासणीत वजन लटकवून बघतात, त्यामुळे घरून निघण्याआधी क्लबच्या वजनावर एकदा तपासून घ्या. सोबत भरलेले दोन सिलिंडर, नारिंगी दोरी, चष्मा, शंभर निवडलेले छर्रे, बिलाची प्रत, आणि एखादं केळं. हात धुवून खा.